भेटीच्या सणाचें गीत: लायप्झिग, २ जुलै १७२४

ज्युबिलीच्या वर्षीं आपण मागें वळून पाहतों. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणत्या सालीं टांगली, पहिले धर्मगुरु कोण होते, याची नोंद आपण प्रेमानें करितों. परंतु जे सण आपण दरवर्षीं पाळतों व ज्या प्रार्थना रोज म्हणतों, त्यांनाही इतिहास आहे. त्यांनींही वाटेंत ठेंचा खाल्ल्या आहेत आणि प्रसंगीं परक्याच्या घरीं मुक्काम केला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशाच एका सणाची व त्या सणासाठीं रचलेल्या एका संगीतकृतीची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. सण आपला आहे. पवित्र मरियेनें आपली नातलग एलिझाबेथ हिची भेट घेतली, त्या भेटीचा तो सण. संगीतकृति मात्र लूथरपंथी मंदिरांतली आहे, आणि तिचा कर्ता योहान सेबास्तियन बाख हा जन्मानें व निष्ठेनें लूथरपंथी होता. मग कॅथलिक धर्मग्रामाच्या स्मरणिकेंत तिला स्थान कां, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढील हकीकतींतच आहे.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत ही भेट वर्णिली आहे. गब्रिएल दूताचा निरोप ऐकल्यावर मरिया डोंगराळ मुलखांतील एका गांवीं त्वरेनें गेली. वृद्धापकाळीं गर्भवती झालेली एलिझाबेथ तेथें राहत होती. मरियेचा शब्द कानीं पडतांच एलिझाबेथच्या उदरांतील बालक आनंदानें हललें. तोच पुढें संत योहान बाप्तिस्ता म्हणून प्रसिद्ध झाला. त्या प्रसंगीं मरियेच्या मुखांतून जें स्तोत्र बाहेर पडलें, त्याला त्याच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून ‘माग्निफिकात’ असें म्हणतात. ख्रिस्तसभेच्या सायंप्रार्थनेंत तें रोज म्हटलें जातें. तें नम्र आहे, परंतु गुळमुळीत नाहीं. देवाची दृष्टि दीनांकडे वळते, त्याच्यापुढें गर्विष्ठांचें कांहीं चालत नाहीं, भुकेल्यांचें पोट तो भरतो आणि धनवानांना हात हालवीत परत जावें लागतें, असें एका लहानशा गांवची मुलगी त्यांत निर्भयपणें सांगते.

हा सण ख्रिस्तसभेंत प्रथमपासून चालत आलेला नाहीं. फ्रान्सिस्कन संघानें तो तेराव्या शतकांत स्वीकारला, असें परंपरा सांगते. परंतु तो सर्वत्र पसरण्यास एक मोठें संकट कारण झालें. १३७८ सालीं पश्चिमेकडील ख्रिस्तसभा दुभंगली. रोम येथें उर्बान सहावे व आव्हिन्यों येथें क्लेमेंट सातवे असे दोघेजण पोपपदाचा हक्क सांगूं लागले. राजे, विद्यापीठें व मठ दोन बाजूंस वांटले गेले. अशा वेळीं प्राग येथील आर्चबिशप यान येनश्टेन यांनीं १३८६ सालीं आपल्या धर्मप्रांतांत भेटीचा सण सुरू केला आणि तो सर्व ख्रिस्तसभेनें पाळावा म्हणून रोमकडे आग्रह धरला. १३८९ सालीं उर्बान सहाव्यांनीं तसें ठरविलें; त्याच वर्षीं त्यांचा अंत झाल्यामुळें त्यांच्या मागून आलेल्या बोनिफास नवव्यांनीं तें फर्मान प्रसिद्ध केलें. हेतु उघड होता. जिनें दूरची वाट चालून जाऊन दोन घरांना एका आनंदांत एकत्र आणिलें, तिच्या मध्यस्थीनें ख्रिस्तसभेची फूट भरून यावी, ही त्या सणामागची याचना होती.

योग असा कीं, फूट मिटविण्यासाठीं काढलेला सणच प्रथम फुटीच्या तडाख्यांत सांपडला. आव्हिन्योंच्या पक्षाला रोमच्या पोपचें फर्मान मान्य नव्हतें. म्हणून त्या पक्षाच्या प्रदेशांत या सणाचा स्वीकार झाला नाहीं. १४१७ सालीं ती दुफळी संपली, आणि पुढें १४४१ सालीं बाझल येथील धर्मपरिषदेनें हा सण पुन्हां मंजूर केला. तारीख २ जुलै ही होती. २४ जून हा संत योहानाच्या जन्माचा सण. त्याचें अष्टक १ जुलैला पुरें होई, व दुसऱ्या दिवशीं मरियेच्या भेटीचें स्मरण करावें, अशी ती योजना होती.

पुढील शतकांत याहून मोठी फूट पडली. मार्टिन लूथर याला १५२१ च्या जानेवारींत बहिष्कृत करण्यांत आलें. एप्रिलांत वोर्म्स येथें सम्राटापुढें त्याची जबानी झाली. त्यानंतर तो वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला. याच धामधुमींत त्यानें माग्निफिकात स्तोत्रावरील आपलें विवरण लिहून पुरें केलें आणि सॅक्सनीचा तरुण राजपुत्र योहान फ्रीड्रिख याला तें अर्पण केलें. मरियेची थोरवी तिच्या स्वतःच्या योग्यतेंत नसून देवानें तिच्या दीनतेकडे पाहिलें यांत आहे, हें त्यांतील मुख्य प्रतिपादन. तरीही त्या ग्रंथाच्या अखेरच्या प्रार्थनेंत मरियेच्या मध्यस्थीचा उल्लेख त्यानें ठेविलेलाच आहे. पुढें संतांचा धांवा करण्याची प्रथा त्यानें नाकारली, हें सर्वश्रुत आहे. सणांच्या बाबतींत मात्र त्याची कसोटी निराळी होती. ज्या सणाला पवित्र शास्त्रांत स्पष्ट आधार आहे व जो ख्रिस्ताकडे बोट दाखवितो, तो ठेवावा, असें त्याचें म्हणणें. या कसोटीनें मरियेचा जन्म व तिचें स्वर्गोन्नयन हे सण लूथरपंथी पंचांगांतून हळूहळू गळाले. परंतु शुद्धीकरण (२ फेब्रुवारी), देवदूताचा निरोप (२५ मार्च) आणि भेट (२ जुलै) हे तीन टिकले. लायप्झिग शहरानें १५३९ सालीं लूथरमत स्वीकारलें. त्यानंतर जवळजवळ दोनशें वर्षांनींही तेथील मंदिरांत हे तीन दिवस गायन-वादनासह साजरे होत होते. पोपच्या फर्मानानें पसरलेला सण पोपचें फर्मान न मानणाऱ्यांनीं जपून ठेविला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां १७२४ सालाकडे वळूं. हें साल मुद्दाम निवडलें आहे. कारण त्या वर्षीं दोन पंथांतील अंतर भिंतीवरच्या पंचांगांतच दिसत होतें. पोप ग्रेगरी तेरावे यांनीं १५८२ सालीं पंचांग सुधारलें, तेव्हां जर्मनींतील प्रॉटेस्टंट संस्थानांनीं तें केवळ रोमहून आलें म्हणून नाकारलें. त्यामुळें शंभराहून अधिक वर्षें शेजारच्या दोन गांवांत दहा दहा दिवसांचें अंतर असे. एके ठिकाणीं नाताळ होऊन जाई, तेव्हां दुसरीकडे त्याची तयारीही पुरी झालेली नसे. अखेर १७०० सालीं प्रॉटेस्टंट संस्थानांनीं १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च धरून आपल्या तारखा सुधारून घेतल्या. मात्र ईस्टर सणाचा दिवस रोमच्या कोष्टकावरून न काढतां ज्योतिर्गणितावरून काढावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. या दोन रीतींचें उत्तर बहुधा एकच येई. परंतु १७२४ सालीं तें एक आलें नाहीं. प्रॉटेस्टंटांचें ईस्टर ९ एप्रिलला पडलें आणि कॅथलिकांचें १६ एप्रिलला.

लायप्झिगमध्यें या भेदाला आणखी एक धार होती. सॅक्सनीचा इलेक्टर फ्रीड्रिख आउगुस्ट यानें पोलंडच्या गादीसाठीं १६९७ सालीं कॅथलिक धर्म स्वीकारला होता; प्रजा मात्र लूथरपंथीच राहिली. १७१० सालीं लायप्झिगच्या प्लायसेनबुर्ग किल्ल्यांतील एका प्रार्थनागृहांत कॅथलिक उपासना पुन्हां सुरू झाली. म्हणजे १७२४ सालीं एकाच शहराच्या तटाआड, जेव्हां बहुसंख्य लोक प्रभूच्या पुनरुत्थानाचा जयघोष करीत होते, तेव्हां मूठभर कॅथलिक झावळ्यांचा रविवार पाळीत होते. उपवासकाळ, ईस्टर, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, सर्वांत एका आठवड्याचा फरक पडला. ज्या प्रभूवर दोघांची श्रद्धा, त्याच्याच पुनरुत्थानाचा दिवस दोघांना एक करितां आला नाहीं.

परंतु जे सण ठराविक तारखेला येतात त्यांना हा नियम लागूं नव्हता. १७०० पासून तारखा सर्वत्र सारख्याच झाल्या होत्या. २ जुलै १७२४ हा रोममध्यें रविवार होता, लायप्झिगमध्येंही रविवार होता, आणि दोन्हीं ठिकाणीं तो मरियेच्या भेटीचाच दिवस होता. ज्या वर्षीं ईस्टरनें दोन पंथांना वेगळें केलें, त्या वर्षीं भेटीच्या सणानें त्यांना एका दिवशीं एकाच शुभवर्तमानापुढें उभें केलें. त्याच दिवशीं बाखची ही रचना प्रथम गायिली गेली.

बाख १७२३ च्या उन्हाळ्यांत लायप्झिगला थॉमस शाळेचा गायनाचार्य म्हणून आला. १७२४ सालीं तो एकोणचाळीस वर्षांचा होता. शाळेंतील मुलांना गायन शिकवावें आणि सेंट थॉमस व सेंट निकोलस या मुख्य मंदिरांत दर रविवारीं व दर सणाला संगीत सिद्ध ठेवावें, हें त्याचें काम. या संगीताचा मुख्य भाग म्हणजे ‘कांताता’. गायनवृंद, एकेकटे गायक आणि वाद्यें यांच्यासाठीं केलेल्या अनेक भागांच्या रचनेस हें नांव आहे. शुभवर्तमानाचें वाचन झाल्यावर व प्रवचनापूर्वीं ती गायिली जाई, आणि तिचे शब्द छापलेली पुस्तिका भाविकांच्या हातीं असे. पहिल्या दोन वर्षांत बाखनें जवळजवळ दर आठवड्याला एक नवी कांताता लिहिली. आठवड्याभरांत रचावयाचें, नकला करून घ्यावयाच्या, मुलांना शिकवावयाचें आणि रविवारीं सकाळीं गावयाचें, असा तो क्रम होता.

हे गायक कांहीं निवडक कलावंत नव्हते. मंदिरांत स्त्रियांनीं गाण्याची चाल तेथें नव्हती. उंच स्वरांची कठीण गीतेंही शाळेंतलीं मुलेंच गात. १७३० च्या ऑगस्टमध्यें बाखनें नगरसभेला एक टिपण सादर केलें. प्रत्येक गायनवृंदाला निदान १२, आणि शक्यतों १६ गायक हवे, असें त्यांत त्यानें लिहिलें, व हातीं असलेल्या मुलांची मोजदादही दिली: १७ उपयोगी, २० अजून तयार न झालेले, आणि १७ अगदींच निरुपयोगी. आपल्या गायनवृंदांच्या शिक्षकांना हा सूर ओळखीचा वाटल्यास नवल नाहीं. ज्या रचना आज जगांतील मोठमोठ्या सभागृहांत गायिल्या जातात, त्या अशा मुलांकडून, अपुऱ्या तालमीवर, एका सामान्य रविवारच्या उपासनेसाठीं गाऊन घेतल्या गेल्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

११ जून १७२४ पासून बाखनें एक नवा उपक्रम आरंभिला. लोकांना पाठ असलेलें एखादें भजन घ्यावयाचें, त्याचे पहिले व शेवटचे शब्द जसेच्या तसे ठेवावयाचे, मधल्या कडव्यांचें नवें काव्य करवून घ्यावयाचें आणि त्या भजनाची चाल सर्व रचनेचा कणा करावयाची, अशी ती योजना. या मालिकेंतील पांचवी कांताता भेटीच्या सणाची. या वेळीं मात्र त्यानें एखादें लूथरपंथी भजन घेतलें नाहीं. त्यानें मरियेचें स्तोत्रच घेतलें. शब्द लूथरनें जर्मन भाषेंत केलेल्या भाषांतराचे होते. कांहीं ओव्या तशाच ठेवून बाकीच्यांचें रूपांतर एका कवीनें केलें, ज्याचें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं.

आणि चाल? ती लूथरहून शेंकडों वर्षें जुनी होती. आपल्या ग्रेगोरियन गायनांत स्तोत्रें म्हणण्याचे आठ ठराविक स्वरप्रकार आहेत. प्रत्येक प्रकारांत एका मुख्य स्वरावर शब्द म्हटले जातात व शेवटीं थोडे वळण घेतलें जातें. यांखेरीज एक नववा, नियमांत न बसणारा प्रकार आहे. त्यांत ओवीचा पूर्वार्ध एका स्वरावर व उत्तरार्ध त्याहून खालच्या स्वरावर म्हणतात. मुख्य स्वर एका जागीं राहत नाहीं. म्हणून त्याला ‘तोनुस पेरेग्रिनुस’, म्हणजे परदेशी किंवा यात्रेकरू स्वर, असें नांव पडलें. रोमन सायंप्रार्थनेंत इस्राएल लोकांच्या मिसर देशांतून झालेल्या सुटकेचें स्तोत्र याच चालीवर म्हणण्याची परंपरा आहे. हा यात्रेकरू धर्मक्रांतीच्या काळांत सीमा ओलांडून गेला. लायप्झिगच्या मंदिरांत रविवारच्या दुपारच्या प्रार्थनेंत जर्मन माग्निफिकात याच चालीवर गायिलें जाई. त्यामुळें बाजारांतल्या विणकराला, मोलकरणीला आणि शाळेंतल्या मुलालाही ही चाल झोपेंत ओळखतां आली असती. मठांतील भिक्षूंनीं घासून गुळगुळीत केलेली ती चाल आतां त्यांची घरची झाली होती.

बाखनें या चालीचें काय केलें तें पाहूं. कांताता सुमारें २० मिनिटांची असून तिचे सात भाग आहेत. पहिल्या भागांत व्हायोलिनें आणि ओबो, म्हणजे सनईच्या जातीचें फुंकून वाजवावयाचें वाद्य, यांची लगबग प्रथम ऐकूं येते; डोंगराळ वाटेनें त्वरेनें निघालेल्या मरियेची आठवण कोणास झाली तर ती अस्थानीं होणार नाहीं. मग त्या लगबगीवर सोप्रानो गाणारीं मुलें ती जुनी चाल लांब लांब स्वरांत उचलतात, आणि ट्रंपेट त्यांना साथ देतो. पुढच्या ओवींत चाल खालीं उतरून आल्टोकडे जाते. या ओवींतच मरिया म्हणते कीं, यापुढें सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील. वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. १७२४ सालीं लूथरपंथी मंदिरांत लूथरपंथी मुलांच्या कंठांतून, लूथरच्याच शब्दांत, पण रोमच्या चालीवर हें भविष्य उच्चारलें गेलें, आणि उच्चारलें जातांच त्या मंदिरापुरतें तें खरेंही ठरलें.

दुसऱ्या भागांत सोप्रानो देवाच्या सामर्थ्याचें गुणगान करिते, व तिसऱ्यांत टेनर गाण्याहून बोलण्याजवळच्या ढंगानें त्याची दया व शिक्षा या दोहोंचें स्मरण देतो. चौथा भाग बास आवाजाचा. बलवानांना देव सिंहासनावरून खालीं खेंचतो, हा येथील विषय. इतर सर्व वाद्यें गप्प होतात. केवळ मंद्र वाद्यांची साथ उरते, आणि तिचे स्वर जिन्यावरून कोणी गडगडत यावें तसे पुन्हां पुन्हां खालीं कोसळतात. ज्या राज्यांत राजाच्या इच्छेपुढें नगरसभाही वांकत असे, त्या राज्यांत हें उपासनेच्या वेळीं मोठ्यानें गायिलें गेलें. शुभवर्तमानांत लिहिलेलें असल्यामुळें तें कोणास अडवितां येण्यासारखें नव्हतें.

पांचवा भाग या रचनेचें हृदय होय. आल्टो आणि टेनर हे दोन आवाज एकमेकांत गुंफून गातात कीं, देव आपल्या करुणेची आठवण ठेवितो आणि आपला सेवक जो इस्राएल त्याच्या साह्यास धांवून येतो. त्यांच्यावर, कोणताही शब्द न घेतां, ट्रंपेट व ओबो ती यात्रेकरू चाल संथपणें वाजवितात. शब्द ऐकणाऱ्यानें मनांत भरावयाचे. ते प्रत्येकास पाठच होते. हीच युक्ति बाखनें आपल्या लॅटिन माग्निफिकात या मोठ्या रचनेंतही योजिली आहे. तेथेंही याच ओवीला, तीन गायकांच्या आवाजांवर, हीच चाल वाद्यांवर ऐकूं येते. जर्मन शब्द असोत वा लॅटिन, देवाच्या करुणेची ओवी आली कीं बाखला हाच जुना स्वर आठवत असे.

सहाव्या भागांत टेनर आब्राहामाला दिलेल्या वचनाची कथा सांगूं लागतो. प्रथम साथ अगदीं रुक्ष असते; परंतु त्याच्या वंशविस्ताराचें व तारणाऱ्याच्या जन्माचें वर्णन येतांच तंतुवाद्यें हलक्या लाटांप्रमाणें खालून उमटूं लागतात. सातव्या व शेवटच्या भागांत सर्व आवाज एकत्र येऊन पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा महिमा गातात. चाल तीच, यात्रेकरूची. आणि शब्दांचा अर्थ तोच, जो आपण प्रत्येक स्तोत्राच्या शेवटीं म्हणतों. या शेवटच्या भागांतील एकही अक्षर असें नाहीं कीं जें कॅथलिक मनुष्यानें उच्चारूं नये.

येथपर्यंत वाचून कोणी असें समजेल कीं, लायप्झिगचे लोक मनांतून कॅथलिकच होते. तसें मानणें सत्याला सोडून होईल. या कांतातेंत मरियेला उद्देशून एकही प्रार्थना नाहीं. तिची मध्यस्थी मागितलेली नाहीं. तिच्या स्तोत्राचा प्रत्येक भाग देवाच्या कृतीकडे वळविलेला आहे, आणि मरिया स्वतः पहिल्या भागानंतर जणूं बाजूला उभी राहते. आपल्या भक्तीला येथें कांहीं उणें वाटेल, आणि तें उणें खरेंच आहे. शिवाय याच मालिकेंत, ४ फेब्रुवारी १७२५ रोजीं, बाखनें लूथरच्या त्या प्रसिद्ध भजनावर कांताता लिहिली, ज्यांत पोप व तुर्क या दोघांच्या हातून आपलें रक्षण व्हावें, अशी देवाजवळ मागणी आहे. तीं मुलें तींच, मंदिरें तींच आणि संगीतकारही तोच. आणि त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनीं, २५ मार्च १७२५ रोजीं, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, या भजनांवरील कांतातांचा सलग क्रम थांबला; त्याचा शेवट पुन्हां मरियेच्याच सणावर आला. माणसांच्या मनांत वैर आणि वारसा असे शेजारीं शेजारीं राहतात. इतिहास लिहितांना त्यांतील एक पुसून दुसरें ठेवणें योग्य नव्हे.

त्याच काळीं आपल्या किनाऱ्यावरही हा सण मोठ्या मानाचा होता. पोर्तुगीज मुलखांत ‘मिसेरिकॉर्दिया’ नांवाचीं दयाधर्माचीं भ्रातृमंडळें होतीं. पहिलें मंडळ १४९८ सालीं लिस्बनला स्थापन झालें, आणि पुढें गोव्यांत व वसईंतही तशीं मंडळें निघालीं. आजाऱ्यांची शुश्रूषा, बंदिवानांची विचारपूस, अनाथांचें पालन व बेवारशी प्रेतांना मूठमाती देणें हीं त्यांचीं कामें. या मंडळांचा वार्षिक सण २ जुलै, म्हणजे भेटीचा सण, आणि नव्या कारभाऱ्यांची निवडही त्याच दिवशीं होण्याची रीत होती. गरजेच्या वेळीं दुसऱ्याच्या दारीं स्वतः चालत जाणारी मरिया त्यांना दयाधर्माचा आदर्श वाटली. म्हणजे एकाच सणाचे दोन अर्थ दोन ठिकाणीं खुलले. लायप्झिगनें मरियेचें गाणें घेतलें, आणि आपल्या किनाऱ्यानें मरियेची पायपीट घेतली. दोन्हीं त्या एकाच अध्यायांतून आलीं.

आणखी एक गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. मरियेचें स्तोत्र मातृभाषेंत मंदिरांत गाण्याचा आनंद लायप्झिगच्या लोकांना आपल्याहून फार आधीं मिळाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें व ख्रिस्तचरित्र मराठी ओवींत घरोघर पोहोंचलें, हें खरें. परंतु मिस्साबलिदानाची भाषा लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींचा आपला दस्तऐवज संमत केला, तेव्हां मातृभाषेचें दार आपल्याला पुरतें उघडलें. पुढल्याच वर्षीं, १९६४ सालीं, त्याच परिषदेनें ख्रिस्ती ऐक्याविषयींचा ठराव केला आणि विभक्त बांधवांजवळ जें खरें ख्रिस्ती धन आहे तें कॅथलिकांनीं आनंदानें ओळखावें, असा उपदेश केला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें, देवकृपेनें मनुष्य नीतिमान कसा ठरतो या मूळ वादाच्या प्रश्नावर, कॅथलिक व लूथरपंथी प्रतिनिधींनीं एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. सर्व भेद मिटले असें नाहीं. एका पंगतीला बसून प्रभुभोजन घेण्याचा दिवस अजून आलेला नाहीं.

त्या कांतातेचें पुढें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. तिचा पांचवा भाग बाखनें पुढें ऑर्गनसाठीं उतरविला, व सुमारें १७४८ सालीं तो इतर पांच तुकड्यांबरोबर छापून निघाला. तेव्हांपासून दोन्हीं पंथांचे वादक तो वाजवीत आले आहेत. बाख १७५० सालीं वारला. या मालिकेंतील कांतातांचीं गायक-वादकांचीं पानें त्याची विधवा आन्ना माग्दालेना हिनें त्याच वर्षीं थॉमस शाळेच्या स्वाधीन केलीं. या कांतातेची बाखच्या स्वतःच्या हातची प्रत समुद्र ओलांडून आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जतन केलेली आहे. यात्रेकरू चालीची प्रतही यात्रेकरूच ठरली.

आणि सण? १९६९ सालीं रोमन पंचांगाची फेररचना झाली, तेव्हां भेटीचा सण ३१ मेला नेण्यांत आला. देवदूताचा निरोप २५ मार्चला व योहानाचा जन्म २४ जूनला. तेव्हां भेट या दोहोंच्या मध्यें यावी, ही शुभवर्तमानाला धरूनच केलेली योजना होती. आपण आतां याच दिवशीं तो पाळतों. जर्मनींतील कॅथलिकांनीं मात्र लूथरपंथी शेजाऱ्यांप्रमाणें २ जुलै हीच तारीख ठेविली आहे. म्हणजे १७२४ सालीं मनें दूर होतीं व तारीख एक होती. आज आपली तारीख वेगळी आहे आणि मनें पूर्वींपेक्षां जवळ आलीं आहेत. या दोहोंत अधिक मोलाचें कोणतें, हें सांगणें नलगे.

फूट मिटावी म्हणून सहाशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं हा सण मागून घेतला, त्यांची प्रार्थना त्यांना अपेक्षित असलेल्या रीतीनें फळास आली नाहीं. परंतु ती वायांही गेली नाहीं. घर वांटलें गेलें तेव्हां एक गाणें दोघांच्याही वांट्याला आलें, आणि दोघांनींही तें टाकून दिलें नाहीं. आपल्या मंदिराच्या ज्युबिलीच्या वर्षीं सायंप्रार्थनेला माग्निफिकात म्हणतांना, दुसऱ्या एका मंदिरांत, दुसऱ्या भाषेंत, दुसरे कोणी तेंच स्तोत्र म्हणत आहेत, हें आपण मनांत आणावें. आणि जी माउली वाट तुडवीत दुसऱ्याच्या दारीं गेली, तिच्या मागोमाग निदान कांहीं पावलें तरी आपणांस टाकतां यावीं, अशी कृपा प्रभूनें द्यावी.